खुनी बदलू नका, त्याला लवकर आणा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापूरचे, बँकेत नोकरीला, आणि ही तुमची पहिलीच कादंबरी, २८० पानांची. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले एक मालक गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री, होम मैदानावरच्या गर्दीतून नाहीसे होतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सिद्धेश्वर तलावात त्यांचं प्रेत तरंगताना दिसतं. गोष्ट सांगतो तो त्यांचा पुतण्या. शेवटी कळतं की खून मालकांच्या भिवंडीहून आलेल्या आतेभावाने केला, जुन्या भागीदारीच्या पैशांवरून. तुम्ही ती ओळखीच्या काही जणांना वाचायला दिलीत आणि सगळ्यांनी जवळजवळ एकच सांगितलं: पहिली शंभर पानं हातातून सुटत नाहीत, मध्ये रेंगाळते, आणि शेवट वाचून ‘एवढंच?’ असं होतं. आता तुम्ही विचारताय की खुनी बदलू का, की शेवटी आणखी एक धक्का घालू.

दोन्ही करू नका. गेली बरीच वर्षं मी रहस्यकथांची आणि थरारकादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करतोय, आणि हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत येत असतो. नव्या खुन्याने किंवा जादा धक्क्याने अशी कादंबरी सावरलेली मी पाहिलेली नाही. तुमचा गोषवारा आणि तुम्ही दिलेली तीन प्रकरणं एवढंच मी वाचलं आहे, त्यामुळे मधल्या भागाबद्दल जे सांगेन ते तुमच्या वर्णनावरून. तेवढं गृहीत धरून पुढचं वाचा.

वाचक शेवटाला नावं ठेवतात, म्हणून लेखक शेवट दुरुस्त करायला बसतो. तुमच्या बाबतीत बिघाड पहिल्या प्रकरणात आहे, आणि गंमत म्हणजे ते प्रकरण उत्तम उतरलं आहे. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, मैदानात आलेत, पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्यातली, माणसं जिकडंतिकडं, पाळण्यांचे दिवे, कर्ण्यावरच्या घोषणा, आणि आकाशात पहिला बाण फुटतो तेव्हा पुतण्याच्या शेजारी उभे असलेले काका शेवटचा बाण विझेपर्यंत गेलेले असतात. हे वाचून माझ्या मनात एकच प्रश्न आला: हजारो माणसांच्या मधून एक धडधाकट माणूस कोणाच्याही नजरेला न पडता गेला कसा? तुमच्या प्रत्येक वाचकाच्या मनात हाच प्रश्न आला असणार. शेवटच्या प्रकरणात तुम्ही सांगता की भागीदारीचे पैसे बुडाले होते म्हणून खून झाला. म्हणजे प्रश्न ‘कसा’ असा विचारलात आणि उत्तर ‘का’ याचं दिलंत. काका मैदानातून तलावाकडे कसे गेले याला २७१व्या पानावर जेमतेम दीड ओळ आहे: ‘काहीतरी निमित्त काढून त्याने त्यांना बाजूला नेलं.’ वाचक २७० पानं ज्याची वाट बघत होता ते या दीड ओळीत संपलं. तो ‘एवढंच?’ म्हणतो तेव्हा त्याची तक्रार नेमकी ह्या ओळीबद्दल असते, त्याला ती बोटाने दाखवता येत नाही इतकंच.

अपेक्षाभंगाबद्दल बोलताना आपण अपेक्षा ही वाचकाची बाब धरतो. रहस्यकथेत ती लेखक स्वतः लिहीत असतो. पहिल्या वीस-पंचवीस पानांत तुम्ही ज्या गोष्टीवर थांबता, जिचं बारकाईने वर्णन करता, तिचा हिशेब शेवटी मागितला जातो. गड्डा, गर्दी, पांढरे कपडे, वर वळलेल्या माना यांवर तुम्ही अकरा पानं दिलीत. भागीदारीवर त्या अकरा पानांत एक शब्दही नाही.

आता खुन्याकडे येतो. भिवंडीचा आतेभाऊ तुमच्या कादंबरीत पहिल्यांदा येतो २३१व्या पानावर. तुम्ही कारणही दिलंय की आधी आणला असता तर वाचकाने ओळखला असता. ही भीती मला समजते, जवळजवळ प्रत्येक नव्या लेखकाला ती असते. पण ज्याला वाचकाने पाहिलंच नाही तो ओळखू आला नाही यात लेखकाचं कौशल्य कुठे दिसलं? रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये या प्रकारासाठी दहा नियम लिहिले. त्यांतले काही आज कालबाह्य झालेत, काही तेव्हाही विनोदाने घातलेले होते, पण पहिला नियम अजून टिकून आहे: गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच आला पाहिजे. वाचकाला खुनी ओळखण्याची खरी संधी मिळाली आणि तरी तो चुकला, तरच त्याला शेवटी आनंद होतो. संधीच न देता हरवलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्त आहे.

माहिती दडवून ठेवणं सोपं आहे. वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवून तिचा अर्थ त्याला चुकीचा लावायला लावणं, ही खरी कारागिरी. आणि तुमच्या हस्तलिखितात त्यासाठी लागणारं सगळं सामान आधीच पडलेलं आहे, तुम्ही ते उचललेलं नाही इतकंच. साठाव्या पानाच्या आसपास पाळण्याचा तिकीटवाला पोलिसांना सांगतो की पांढरी बाराबंदी घातलेला एक माणूस तलावाच्या बाजूने एकटाच येताना दिसला. इन्स्पेक्टर म्हणतो, त्या रात्री तसली हजारो माणसं होती, आणि विषय संपतो. तुम्ही हा तपशील वातावरणासाठी घातला असेल. माझ्या मते तुमच्या कादंबरीचा कणा हाच आहे. सोलापूर सोडून दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट अशी घडणारच नाही.

एक शक्यता मांडून दाखवतो. तुम्ही ती जशीच्या तशी घ्यावी असं नाही, पण मी काय म्हणतोय ते यातून स्पष्ट होईल.

आतेभावाला पहिल्या प्रकरणाच्याही आधी आणा. दारूकामाच्या दिवशीची संध्याकाळ. घरात निघायची घाई चालली आहे. पाहुणा म्हणून आलेला हा माणूस आरशासमोर बाराबंदी घालून उभा आहे आणि बंद बांधायला त्याला जमत नाहीये. भिवंडीत त्याला कधी सवयच नव्हती. काकू स्वयंपाकघरातून शेंगाचटणीची बरणी हातात घेऊन येतात, बघतात, आणि बरणी पुतण्याच्या हातात देतात. ‘भावजी, बुटाची नाडी आहे काय ती? आणा इकडं.’ एकेक बंद त्या घट्ट ओढतात, गाठ मारतात आणि टोकं आतल्या बाजूला खोचून टाकतात. ‘आता रात्री झोपस्तोवर सुटायची नाही.’ पोरं हसतात, आतेभाऊही हसतो. वाचकाला यात काय दिसेल? एक घरोबा. चांगल्या स्वभावाचा, जरा वेंधळा पाहुणा. मायेची वहिनी. त्याला तो आवडायला लागेल.

मग दारूकाम, मग काका नाहीसे. पण सुरुवातीला कोणाला काळजी नाही, काका कुठल्या तरी दोस्तांच्या घोळक्यात असतील असं सगळे धरून चालतात. घरी पानं वाढली जातात. आतेभाऊ जेवायला बसलाय. इथे पुतण्याला एकच वाक्य द्या, आणि तेही भाकरी-आमटीच्या मध्ये: ‘आतेकाकांच्या बंदांची टोकं सारखी ताटात येत होती, ती ते डाव्या हाताने सावरत होते.’ बस. त्यावर थांबू नका, पुढच्या वाक्यात कोणीतरी दार वाजवू द्या.

अडीचशे पानांनंतर काकूंना ते जेवण आठवतं आणि त्या म्हणतात, ‘ती गाठ माझी नव्हती.’ संध्याकाळी त्यांनी टोकं खोचून बांधलेली बाराबंदी रात्री जेवताना लोंबत होती, म्हणजे मधल्या वेळात ती अंगावरून उतरली होती आणि ज्याने परत बांधली त्याला बांधता येत नव्हती. का उतरवली? तलावाच्या पाण्यात हात-छाती भिजवायचं काम होतं आणि परत गर्दीत मिसळायला कोरडा पांढरा कपडा लागणार होता. तिकीटवाल्याच्या साक्षीला आता अर्थ आला. ‘कसा’ याचं उत्तरही त्यातच आहे: आकाशात दारूकाम चालू असताना मैदानावरच्या प्रत्येकाची मान वर असते, आणि दोन पांढऱ्या कपड्यांतली माणसं पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीतून बाजूला झाली तर कोणाला काय कळणार? वाचक उलट पानं चाळत ते जेवणाचं पान शोधायला जाईल. वाक्य तिथेच असेल. खुनी तोच, पैशाचं कारणही तेच, पण आता ‘एवढंच?’ कोणी म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. नागपूरच्या किंवा रत्नागिरीच्या वाचकाने बाराबंदी पाहिलेली नसेल, तर तिला बंद असतात आणि ते बांधावे लागतात हे त्याला आधी कळायला हवं. वरच्या आरशाच्या प्रसंगातच ते कळतं, वेगळी टीप लागत नाही. पण तुम्ही तो प्रसंग न घेता फक्त काकूंची आठवण घेतलीत तर सोलापूरबाहेरच्या वाचकाला ते उत्तर हवेतून काढल्यासारखं वाटेल.

दुसरी मोठी अडचण पुतण्याची. तो ‘मी’ म्हणून बोलतो, सगळं आपल्याला सांगत असतो, रडतो, शंका घेतो, आणि २५८व्या पानावर म्हणतो, ‘खरं तर त्या रात्री मी आतेकाकांना तलावाच्या वाटेवर पाहिलं होतं, पण हे मी कोणालाच सांगितलं नाही.’ कोणाला म्हणजे वाचकालासुद्धा. दोनशे पानं तो आपल्या मनातलं बोलत होता आणि नेमकं हेच राहिलं? हे मी कुठल्याही हस्तलिखितात चालू देत नाही. पात्राने पोलिसांपासून लपवलं तर ते पात्राचं वागणं झालं. कारण न देता वाचकापासून लपवलं तर ती लेखकाची सोय झाली. तुमच्यापुढे इथे दोन मार्ग आहेत. एक, पुतण्याने पाहिलंच नाही असं करा, बंदांचा धागा पुरेसा आहे. दोन, त्याला बोलताना अडखळू द्या: दारूकामाची रात्र आठवली की तो दर वेळी ठरावीक जागी थांबतो, विषय बदलतो, आणि त्यामागे त्याचं स्वतःचं कारण असतं, उदाहरणार्थ आतेकाकांकडून त्याने घेतलेले उसने पैसे, जे वाचकाला ठाऊक आहेत. मग दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला प्रत्येक अडखळण्याचा अर्थ लागेल. दुसरा मार्ग कठीण आहे. पहिल्या कादंबरीला मी पहिला सुचवेन.

प्रेताबद्दल. जानेवारीची रात्र, आणि दुसऱ्या पहाटे प्रेत पाण्यावर तरंगताना दिसतं, हे बसत नाही. बुडालेलं शरीर बहुधा आधी तळाला जातं, आत वायू साठला की वर येतं, आणि हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. आपल्याकडच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत साधारण उन्हाळ्यात एक दिवस आणि थंडीत दोन ते तीन दिवस असा अंदाज दिलेला असतो. खोली, कपडे, शरीरयष्टी यांनी तो मागेपुढे होतो. सोलापूरची थंडी काही कडाक्याची नसते, पण जानेवारीतलं पाणी रात्रीतून प्रेत वर आणण्याइतकं ऊबदार नाही. पायऱ्यांच्या कडेला उथळ पाण्यात अडकलेलं सापडलं असं केलंत तर दुसऱ्या दिवशीही चालेल.

पण मी तुमच्या जागी असतो तर ते तिसऱ्या दिवशीच वर आणलं असतं, आणि यात अचूकपणापेक्षा मोठा फायदा आहे. सध्या तुमचे काका दहा पानांत बेपत्ता होतात आणि पंधराव्या पानावर मेलेले सापडतात. मधले दोन दिवस मिळाले की घर त्यांना शोधतंय, यात्रा चालूच आहे, कप्पडकळीचा विधी होतोय, गड्ड्यातले पाळणे फिरताहेत, काकू फोन लावताहेत, आणि आतेभाऊ सगळ्यांच्या पुढे होऊन शोधतोय. तोच पुतण्याला घेऊन तलावाला चक्कर मारून येतो. वाचकाला सस्पेन्स हवा असतो तो हाच. खून झाला हे कळल्यावर ‘कोणी केला’ हे कोडं उरतं, ते डोक्याला खाद्य असतं. छातीत धडधड होते ती ‘आता काय होणार’ या अनिश्चिततेने, आणि ती फक्त काका जिवंत असण्याची आशा असेपर्यंतच मिळते. तुम्ही ती पाच पानांत खर्चून टाकलीत.

मधल्या भागाचं रेंगाळणं त्यामुळे अर्धं सुटेल. उरलेलं अर्धं असं: तुम्ही सात संशयितांना सात प्रकरणं दिलीत, प्रत्येक प्रकरणात इन्स्पेक्टर चहा घेतो, प्रश्न विचारतो, उत्तरं मिळतात, संशय कायम राहतो. सात वेळा तोच प्रश्न आणि सात वेळा ‘माहीत नाही’. पूर्वीच्या पातळ रहस्यकथांना एक प्रश्न पुरायचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्या एका बैठकीत संपायच्या आणि वाचक दुसरी घ्यायला वाचनालयात परत जायचा. २८० पानं एका प्रश्नावर चालत नाहीत. दीडशेव्या पानाच्या आसपास एखाद्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर देऊन टाका, आणि त्या उत्तरातून आधीपेक्षा वाईट प्रश्न निघू द्या. समजा तिथे पक्कं कळलं की काका मैदानातून स्वतःच्या पायांनी, कोणाशी तरी बोलत गेले. म्हणजे नेणारा ओळखीचा होता. म्हणजे तो रोज घरात आपल्याबरोबर जेवतोय. आता पुढची शंभर पानं प्रत्येक जेवणाची पंगत वाचकाला वेगळी दिसेल, आणि तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही.

तुमच्याकडे भाषांचाही साठा आहे. कारखान्यातले कामगार शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे. मालकांच्या घरी कन्नड आणि मराठी. तरी सगळे एकाच पुस्तकी मराठीत बोलतात. संवाद जिवंत करण्यासाठी हे बदलायला हवंच, पण त्यातून धागाही मिळतो. भिवंडीच्या यंत्रमागांवरही तेलुगू कामगार मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा तिथे धंदा केलेल्या माणसाला तेलुगू समजतं. ‘मला काय कळतंय त्यांचं’ म्हणणारा आतेभाऊ एखाद्या कामगाराच्या पुटपुटण्यावर नकळत मान वळवतो, एवढं एका वाक्यात ठेवलंत तरी पुरे.

शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथे रचनेइतकीच वस्तुस्थितीची अडचण आहे. पोलीस ठाण्यात सगळ्यांना बसवून इन्स्पेक्टर बोलतो, आतेभाऊ कोसळतो आणि चौदा पानं कबुली देतो. पहिली गोष्ट, चौदा पानं एकाच माणसाने भूतकाळ सांगणं म्हणजे कादंबरी थांबवून तिचा सारांश ऐकवणं. दुसरी, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम २३ मध्ये आहे, त्याआधीच्या १८७२ च्या कायद्यात कलम २५ आणि २६ मध्ये होतं. आजकालच्या वाचकाला हे बऱ्यापैकी माहीत असतं. तो मनात म्हणतो, उद्या वकील लावून हा सुटेल. तिथे तुमचा शेवट ढिला पडतो.

पण त्याच कायद्यात तुमच्या कामाची एक खिडकी आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. म्हणून पोलीस पंचांसमोर निवेदन लिहून घेतात, आरोपीला घेऊन जागेवर जातात, वस्तू काढतात आणि जप्तीचा पंचनामा करतात. तुमचा शेवट ठाण्यातून उठवून कारखान्याच्या गोदामात न्या. गाडीत भरायला तयार असलेल्या टॉवेलच्या गाठी, दोन पंच, सुतळी कापणारा हवालदार, दारात उभ्या काकू, आणि बाविसाव्या गाठीच्या पोटातून निघालेला काकांचा मोबाईल. कबुलीतली चौदा पानं यात तीन पानांत मावतात, आणि वाचक बसून ऐकण्याऐवजी गाठ उघडताना बघतो. काकूंचं बंदांबद्दलचं वाक्य याच्या आधी आलं पाहिजे, नाहीतर संशय आतेभावावर कशावरून गेला हे लटकत राहील.

कलमांचा मुद्दा निघालाच आहे तर तुमच्या कथेचं साल ठरवा, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. सध्या कुठेच ते स्पष्ट नाही. इन्स्पेक्टर ‘तीनशे दोन लावतो’ म्हणतो, म्हणजे घटना जुलै २०२४ च्या आधीची. त्यानंतरची असेल तर खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागेल. त्याच प्रकरणात होटगी रस्त्याने जाताना पुतण्याला सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी दिसते. ती जून २०२३ मध्ये पाडली. म्हणजे जानेवारी २०२३ ची यात्रा धरलीत तर चिमणीही राहते आणि तीनशे दोनही. जानेवारी २०२५ धरलीत तर दोन्ही जातात. सोलापूरचा वाचक अशा चुका लगेच धरतो, आणि एकदा त्याने चूक धरली की तुमच्या धाग्यांवरचा त्याचा विश्वासही डळमळतो. त्याला वाटतं, बंदांची टोकंही लेखकाने चुकूनच लिहिली असतील.

मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर तुम्ही स्वतःच लिहिलाय: ‘शेवटच्या पानावर हादरवून टाकणारा धक्का!’ हे काढा. हे वाचलेला माणूस पहिल्या पानापासून धक्क्याची वाट बघत बसतो, प्रत्येक पात्राकडे संशयाने बघतो, आणि मग कुठलाच धक्का त्याला पुरत नाही. तिथे पहिल्या प्रकरणातला प्रश्न ठेवा: गड्ड्याची गर्दी, आकाशात दारूकाम, आणि शेजारी उभा असलेला माणूस नाही. जे देणार आहात तेवढंच बोला.

आता हे सगळं करायचं कोणत्या क्रमाने, कारण एकदम हात घातलात तर गोंधळ होईल. लिहिलेलं काही दिवस बाजूला ठेवा आणि एका वहीत फक्त आतेभावाची हकिगत लिहा, त्याच्या बाजूने, काही न लपवता: तो सोलापुरात कधी आला, काय ठरवून आला, की ठरवलं नव्हतं आणि त्या रात्रीच घडलं, काकांना काय सांगून बाजूला नेलं, बाराबंदी कुठे काढून ठेवली, मोबाईल गोदामात कधी नेला, रात्री झोप लागली का. हे कादंबरीत छापलं जाणार नाही. पण याशिवाय तुम्हाला स्वतःलाच ‘कसा’ याचं उत्तर माहीत नाही असा माझा अंदाज आहे, त्या दीड ओळीवरून. मग वहीच्या पानाचे तीन रकाने करा: त्या प्रसंगात खरं काय घडलं, पुतण्याला काय दिसलं, वाचकाने त्याचा काय अर्थ लावावा. तिन्ही रकान्यांत सारखंच असेल असे प्रसंग कापायला सुरुवात करा, सात चौकशांपैकी चार तरी तिथे गळतील. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग अजून विचार करून झालेला नाही असं समजा. प्रत्यक्ष पुनर्लेखनाला पहिल्या प्रकरणापासून नको, जेवणाच्या त्या प्रसंगापासून बसा. तो नीट बसला की आधीचं आणि नंतरचं त्याच्या हिशेबाने ठरत जाईल.

पुन्हा वाचायला देताना आधीच्या वाचकांना देऊ नका. त्यांना खुनी माहीत आहे, ते आता तुम्हाला बंदांचा धागा फार उघड वाटला असं सांगतील आणि तुम्ही घाबरून तो पुसट कराल. नवे दोन-तीन वाचक शोधा, त्यांतला एक तरी असा ज्याने गड्डा कधी पाहिलेला नाही. त्यांना ‘आवडली का’ विचारू नका. हातात पेन्सिल द्या आणि सांगा की जिथे पुस्तक खाली ठेवलं तिथे रेघ मारा, आणि जिथे जिथे कोणाचा संशय आला तिथे समासात त्याचं नाव लिहा. आतेभावाचं नाव एखाद्याच्या समासात अधूनमधून दिसलं तर उत्तम. एकाच्याही समासात कुठेच नसेल तर जेवणाच्या प्रसंगातलं ते वाक्य थोडं वर सरकवा. तिघांच्याही समासात साठाव्या पानापासून तेच नाव असेल तर आरशासमोरचा प्रसंग आणि जेवण यांच्या मध्ये आणखी अंतर लागेल, किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी कपड्यांत त्या रात्री काहीतरी खटकणारं असायला लागेल. या पेन्सिलीच्या खुणा झालेली प्रत हातात आली की जरूर कळवा. मधली सात प्रकरणंही मला तेव्हाच वाचायला आवडतील.